डब्यावरील मुदत आणि रे रोडची गोदामे

पुड्यावर छापलेली तारीख उलटून गेली असता आतील पदार्थ खावा की टाकावा, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे. तो गृहिणीचा, डॉक्टरांचा, फार तर अन्नखात्याच्या निरीक्षकाचा. तथापि आज बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत यावरून दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष तारीख वाचतो आणि डबा सरळ केराच्या टोपलीत टाकतो. दुसरा डबा उघडतो, वास घेतो, चिमूटभर जिभेवर ठेवतो, आणि मग काय ते ठरवितो. पहिल्याच्या दृष्टीने दुसरा चिकट, दुसऱ्याच्या दृष्टीने पहिला उधळ्या. या वादात सासू आणि सून, बाप आणि मुलगा समोरासमोर उभे राहतात, आणि तारीख ही वस्तू मुळात कोठून आली याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ती थोडीशी करावी असा आमचा मानस आहे; आणि ती करण्यास मुंबईत रे रोडइतकी सोयीची जागा आम्हांस दुसरी दिसत नाही. कारण रे रोडच्या पूर्वेस धान्य पिकत नाही आणि तेथे ते फारसे शिजतही नाही. तेथे माल ठेवला जातो. आणि मुदतीचा सारा प्रश्न, आमच्या मते, ठेवण्याचा प्रश्न आहे.

१८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्यास आणि पुढे येथील स्टेशनास मिळाले. पूर्व किनाऱ्यावरची दलदल बुजवून माझगाव-शिवडीची भरणी १९०८ ते १९१२ या वर्षांत झाली आणि पोर्ट ट्रस्टला सुमारे ५८३ एकर नवी जमीन लाभली. डिसेंबर १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बरची गाडी सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली तीही याच मार्गाने. आसपासची नावे वाचीत गेले तर मालाची यादीच तयार होते: कोळशाचे कोल बंदर, लाकडाचे लकडी बंदर, पुढच्याच स्टेशनावर कापसाचे कॉटन ग्रीन, आणि अलीकडे दारूखाना. दारूखान्यातील दारू पिण्याची नव्हे, बंदुकीची. तिलाही दमट हवेचे भय असे, हे लक्षात घेतले म्हणजे माल कोरडा राखण्याची विवंचना या भागात किती जुनी आहे ते कळते. पुढे तेथे जुनी जहाजे मोडण्याचा आणि लोखंडाचा व्यापार वाढला. पण वखारी, पत्र्याची छपरे, बारदान आणि हमाल हे या वस्तीचे मूळ रूप पुष्कळ काळ टिकले. ब्रिटानिया बिस्किट कंपनीने मुंबईत कारखाना काढला तो १९२४ साली, आणि तिचा रे रोडवरील कारखाना हा या बंदरपट्टीतील एक मोठा उद्योग होऊन राहिला. तारखेच्या इतिहासात बिस्किटाचे स्थान मोठे आहे. त्याकडे पुढे येऊ.

त्यापूर्वीची स्थिती काय होती? आमच्या पूर्वजांस मुदतीची कल्पनाच नव्हती असे कोणी समजत असेल तर तो मोठा भ्रम होय. शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे सुमारे सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, औषधांचे वीर्य किती काळ टिकते याची चक्क यादी दिली आहे. वनस्पती वर्षानंतर गुणहीन होते, चूर्ण दोन महिन्यांनंतर, गुटिका आणि अवलेह वर्षानंतर. उलट आसव आणि धातूंची भस्मे जितकी जुनी तितकी गुणकारी. या यादीत आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, ती द्रव्याद्रव्यांत भेद करते. काही वस्तू काळाने उतरतात, काही काळाने चढतात, हे तिला ठाऊक आहे. मराठी घरालाही ते ठाऊक होते. नवा तांदूळ चिकट होतो म्हणून जुन्या तांदळास चार पैसे जास्त मोजणारी गृहिणी, मुरलेल्या लोणच्याची बरणी वर्षाने उघडणारी आजी, यांना काळ हा अन्नाचा नेहमीच शत्रू असतो असे कधी वाटले नाही.

हे ज्ञान कोणत्या पोथीत होते म्हणाल, तर ते भाषेत होते. मराठीत दूध नासते, भाजी विटते, पीठ आंबते किंवा कुबट होते, रव्याला जाळी धरते, तेल खवट होते, पापड सादळतो, धान्य किडते, लोणच्यावर बुरशी येते, फळ कुजते, मसाल्याचा वास उडतो. प्रत्येक क्रियापद एका निराळ्या बिघाडाचे नाव आहे, आणि प्रत्येकाबरोबर त्याचा उपायही सांगितलेला असे. सादळलेला पापड उन्हात घालावा, तो पुन्हा कडक होतो. जाळी धरलेला रवा चाळून, निवडून, भाजून पाहावा. खवट तेलास उपाय नाही. नासलेल्या दुधाचे काय करावे हे ते कसे नासले यावर. एक्स्पायरी हा एकच शब्द या साऱ्या क्रियापदांच्या जागी येऊन बसला आहे. शब्द एक झाला म्हणजे विचारही एकच होतो, आणि सादळलेले बिस्किट व सडलेले मांस यांस एकाच पंक्तीस बसविले जाते.

या ज्ञानास एक आधार मात्र लागत असे, तो म्हणजे जागेचा. चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य भरावे, उन्हे द्यावी, कडुनिंबाचा पाला घालावा, कडधान्याला राख किंवा एरंडेल चोळावे, माळ्यावर कणगी ठेवावी, ही बेगमी ज्याला माळा आणि अंगण आहे त्याची. परळ-लालबागच्या चाळीतील एका खोलीत आठ-दहा माणसे राहत तेथे बेगमी कोठे करणार? गिरणीचा कामगार आठवड्याचा, कित्येकदा दिवसाचा, जिन्नस वाण्याकडून उधारीवर आणी. धान्य कोठे व किती दिवस पडून होते हे पाहण्याचे साधन त्याच्या हातून गेले आणि ते वाण्याच्या, वाण्याकडून घाऊक व्यापाऱ्याच्या, आणि शेवटी बंदरावरच्या वखारीच्या हाती गेले. अन्नावरचा विश्वास असा घरातून निघून गोदामात गेला, हा या इतिहासातील खरा कलाटणीचा प्रसंग होय.

गोदाम विश्वासास पात्र असतेच असे नाही, हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा पहिला रोगी ओळखला. मांडवी म्हणजे शहराचे धान्याचे कोठार. जेथे पोती तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे पिसवा. धान्य स्वतः नासलेले नव्हते. ते खाल्ल्याने कोणी मेले नाही. ते ज्या जागी होते त्या जागेने माणसे मारली. ही गोष्ट आम्ही येथे मुद्दाम सांगत आहो. कारण पुड्यावरची तारीख आतील वस्तूविषयी बोलते, जागेविषयी तिला काही ठाऊक नसते.

पुढे महायुद्धात मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग आले आणि निवड करण्याचा उरलासुरला हक्कही संपला. दुकानदार देईल ते धान्य घ्यावयाचे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीचा स्फोट झाला, शेकडो माणसे मेली, आणि बंदरातील धान्याचे साठेही आगीत गेले. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेचा गहू याच बंदरातून उतरला, आणि १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलो अजून कित्येकांच्या जिभेवर आहे. त्या पोत्यांवर खाणाऱ्यासाठी कोणतीही तारीख नव्हती. वास घेऊन, पाखडून, निवडून, नाक मुरडून लोकांनी ते खाल्ले.

आता डब्याचा इतिहास. अन्न हवाबंद बाटलीत उकळून टिकविण्याची युक्ती फ्रान्सच्या निकोलस अपेर याने काढली आणि १८१० साली त्यास सरकारकडून १२,००० फ्रँकांचे बक्षीस मिळाले. पत्र्याचा डबा लगेच त्यापाठोपाठ इंग्लंडात आला. डब्याने माणसाच्या नाकापुढे प्रथमच एक भिंत उभी केली: आतील पदार्थ उघडल्यावाचून कळणार नाही, आणि उघडला की तो विकत घेतलेला असणार. या भिंतीआड काय चालते ते १८५२ साली ब्रिटिश आरमारास कळले. गोल्डनर नावाच्या कंत्राटदाराचे मांसाचे डबे पोर्टस्मथजवळच्या कोठारात उघडून पाहिले तेव्हा बहुतेक डब्यांत सडकी घाण निघाली. त्या वेळीही तारीख छापण्याची कल्पना कोणास सुचली नाही. उपाय सुचला तो तपासणीचा आणि नावाचा. ज्याचे नाव चांगले त्याचा डबा चांगला. पुढची शंभर वर्षे जगाने नावावर विश्वास ठेवला, आणि बिस्किटांचा सारा धंदा याच नावावर उभा राहिला. ब्रिटानियाची भट्टी महायुद्धात सैन्यासाठी बिस्किटे भाजीत होती. आघाडीवरच्या शिपायाने पुड्यावर पाहिले ते कंपनीचे नाव.

बिस्किट ही वस्तू तशी फार सुरक्षित. भाजून निघाल्यावर तीत पाण्याचा अंश शेकडा चार-पाचांहून अधिक राहत नाही आणि एवढ्या कोरड्या जागी जंतूंस वाढता येत नाही. तिचे दोनच शत्रू: दमट हवा, जिच्यामुळे ती सादळते, आणि तिच्यातलेच तूप-तेल, जे काळाने खवट होते. सादळलेले बिस्किट खाऊन कोणी आजारी पडत नाही, चहात ते लवकर मोडते इतकेच. मग अशा वस्तूवर, मृत्यूच्या वासाचा शब्द वापरून, मुदत कशी आली?

ती कल्पना अन्नातून आली नाही, औषधातून आली, असे आमच्या दृष्टीस पडते. १९०१ साली अमेरिकेत सेंट लुई येथे घटसर्पाच्या दूषित रक्तजलाने मुले दगावली, आणि १९०२ साली तेथे असा कायदा झाला की, लस किंवा रक्तजल यांच्या वेष्टनावर एक तारीख लिहिली पाहिजे, जिच्यापलीकडे त्या द्रव्याकडून अपेक्षित परिणामाची खात्री धरता येणार नाही. रे रोडपासून फार दूर नसलेल्या परळच्या हाफकिन संस्थेत प्लेगची लस तयार होत होती तो हाच काळ. लशीच्या बाबतीत ही मुदत अगदी रास्त आहे. लस उतरली की ती लस राहत नाही, आणि हे कोणत्याही नाकास कळण्यासारखे नाही. शार्ङ्गधराने चूर्णाविषयी सांगितले होते तेच हे: वीर्य संपले. परंतु लशीचे वीर्य आणि बिस्किटाचा कुरकुरीतपणा या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकाचे भय दुसऱ्यास चिकटले ते पुढे पन्नास-साठ वर्षांनी.

ते कसे चिकटले तेही मनोरंजक आहे. इंग्लंडातील मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानाने १९५० नंतरच्या दशकात आपल्या कोठीपुरत्या तारखा वापरण्यास सुरुवात केली. कोणता माल आधी आला आणि आधी बाहेर काढावयाचा, हे नोकरांस कळावे एवढाच हेतू. म्हणजे ती गोदामाची भाषा होती. अमेरिकेतही डब्यांवर सांकेतिक अक्षरे असत, ती दुकानदारास वाचता येत आणि गिऱ्हाइकास येत नसत. १९७० नंतरच्या दशकात गिऱ्हाइकांनी ओरड केली की, तुम्हांस जे ठाऊक आहे ते आम्हांसही कळू द्या. आणि कोठीतली खूण दर्शनी बाजूस आली. मागणी न्याय्यच होती. पण माल फिरविण्यासाठी काढलेली खूण गिऱ्हाइकाने पोटाच्या रक्षणासाठी वाचली, आणि तेथे घोटाळ्यास आरंभ झाला.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात भेसळीविरुद्ध १९२५ साली कायदा होता. देशभरासाठी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला. १९६६ साली मुंबईतील नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी काढली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पंचायतीच्या कामाविषयी येथे दोन शब्द लिहिणे जरूर आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करावा, महिन्याचा जिन्नस एकत्र घाऊक विकत घ्यावा, आणि आपापसांत वाटून न्यावा, ही तिची पद्धत. तीत वाणी आणि वखार यांच्या हातून सुटलेला धागा पुन्हा घराकडे ओढण्याचा प्रयत्न आहे. माल कोठून आला आणि किती दिवसांचा आहे हे विचारणारी एक संस्था मध्ये उभी राहते. आमच्या मते तारखेहून हा अधिक जुना आणि अधिक सशक्त उपाय होता. त्याला वेळ लागतो, शेजार लागतो, आणि दोन्ही शहरात दुर्मिळ होत गेले, हे त्या उपायाचे दुर्दैव.

१९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी पुड्यावर माल बांधल्याचा महिना आणि वर्ष छापणे आवश्यक केले. येथवर गिऱ्हाइकास जन्मतारीख मिळत होती; पुढचा हिशेब त्याने करावयाचा. नंतर मृत्युतारीखही आली. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्याखालील २०११ च्या नियमांत दोन तारखांची व्याख्या स्वच्छ शब्दांत केलेली होती. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे ज्या दिवसापर्यंत पदार्थ आपल्या सर्व गुणांसह राहील तो दिवस. त्यानंतरही पदार्थ खाण्यास पूर्ण सुरक्षित असू शकेल, मात्र त्याची प्रत उतरलेली असेल. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ म्हणजे ज्यानंतर पदार्थ विकताच कामा नये तो दिवस. हा भेद शार्ङ्गधराच्या यादीइतकाच शहाणपणाचा होता. २०२० च्या नव्या नियमांनी एक्स्पायरीची तारीख सक्तीची केली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक ठरविले. गोंधळ टाळावा हा त्यांचा हेतू असेल. पण त्यामुळे मृत्यूचा शब्द सर्रास झाला आणि उतरण्याचा शब्द मागे पडला, ही गोष्ट आम्हांस खटकते. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने १९८५ साली मीठ, साखर, सिरका यांस तारखेतून मोकळे ठेवले होते, ते उगीच नव्हे.

ही तारीख ठरविते कोण? सरकार नव्हे, कारखानदार. तो आपला माल उष्ण व दमट पेटीत ठेवतो, ठराविक दिवसांनी काढून त्यातील ओल मोजतो, तेल किती खवट झाले ते पाहतो, काही माणसांस चाखावयास देतो, आणि ज्या दिवशी माल आपल्या नावास शोभेनासा होईल त्याच्या बराच अलीकडचा दिवस छापतो. यात लबाडी नाही. किंबहुना सावधगिरी आहे. जुना माल लवकर टाकला गेला तर नवा खपतो, हा फायदाही त्यात आहेच, पण केवळ त्यासाठी तारीख छापतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुख्य गोष्ट निराळी. तारखेजवळ बारीक अक्षरांत एक वाक्य असते: थंड व कोरड्या जागी ठेवावे. तारखेचा सारा हिशेब त्या वाक्यावर उभा आहे.

आता रे रोडकडे परत या. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली रचलेल्या खोक्यांचा विचार करा. आणि मग जुलै महिन्याचा, जेव्हा मुंबईच्या हवेतील दमटपणा शेकडा ऐंशीच्या वर जातो. स्थूल मानाने उष्णता दहा अंशांनी चढली की, तेल खवट होण्यासारख्या क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे सहा महिन्यांची मुदत अशा जागी तीन महिन्यांची होऊ शकते, आणि पुड्यावरचा आकडा मात्र तोच राहतो. उलट तोच पुडा कोरड्या, थंड कपाटात असेल तर तारीख उलटून महिना झाला तरी त्यास काही होणार नाही. २००६ च्या कायद्याच्या २७ व्या कलमात हे शहाणपण आहे. मुदत संपलेला माल पुरविला तर घाऊक व्यापारी जबाबदार. आणि कारखानदाराच्या सूचनांविरुद्ध माल साठविला तरीही तो तितकाच जबाबदार. दोन्ही अपराध एका रांगेत मांडले आहेत. पण पहिला अपराध कोणत्याही गिऱ्हाइकास दुकानात उभ्याउभ्या वाचता येतो. दुसरा त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही. म्हणून सर्व लक्ष पहिल्याकडे जाते. तारीख पुसून नवी छापणाऱ्यांवर छापे पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. छपराखाली माल भाजला गेल्याची बातमी आमच्या वाचनात क्वचितच आली असेल.

कोणी म्हणेल, मग जुन्या लोकांप्रमाणे नाकावरच विसंबावे हे उत्तम. तसेही आम्हांस म्हणवत नाही. नाकाचे राज्य खवटपणा, आंबूसपणा, कुबटपणा यांच्यापुरते. डब्यातील अन्नात वाढणारे बॉट्युलिनम हे विष पुष्कळदा वासाने कळत नाही. शिजवून बाहेर राहिलेल्या भातातील जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शेंगदाण्यावरील एका बुरशीचे विष दाणे चांगले दिसत असताही असू शकते. थंड पेटीतही हळूहळू वाढणारे जंतू आहेत. आजीचे नाक आजीच्या घरातील अन्नासाठी तयार झाले होते. ती दूध सकाळी आणी, लगेच तापवी, आणि संध्याकाळी संपवी. बंद पिशवीतील, आठवडाभर थंड राहिलेले, तीन शहरे ओलांडून आलेले पदार्थ तिच्या अनुभवात नव्हते. त्यांच्या बाबतीत तिच्या नाकाचा दाखला देणे म्हणजे तिच्यावरच अन्याय करणे होय.

आणि असे काही धोके आहेत की जेथे तारीखही मुकी आणि नाकही मुके. १९८६ च्या आरंभी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ते ग्लिसरीन काळाने बिघडलेले नव्हते. त्यात मुळातच विषारी रसायन होते, आणि मुदतीची तारीख कितीही पुढची असती तरी तिने ते सांगितले नसते. त्याच सुमारास चेर्नोबिलच्या अपघातानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यात किरणोत्सर्ग असल्याचा संशय उत्पन्न झाला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे नेमलेल्या तज्ज्ञांनी लोणी निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. लोण्याचा वास चांगला होता, तारीखही ठीक असावी. तरी शहरास उत्तर मिळाले ते प्रयोगशाळेतून आणि न्यायालयातून.

मग कुटुंबाने काय करावे? आमचे मत असे. दूध, मांस, मासळी, थंड पेटीत ठेवावयाचे तयार पदार्थ, आणि सर्वांत आधी तान्ह्या मुलांची भुकटी, यांची मुदत अक्षरशः पाळावी. भुकटीतील पोषण उतरते आणि मूल तक्रार करू शकत नाही. फुगलेला, गंजलेला किंवा चेपून शिवण उकललेला डबा तारीख कितीही पुढची असो, फेकावा. परंतु डाळ, तांदूळ, साखर, मीठ, बिस्किटे, चहा, यांवरील तारीख ही कारखानदाराने आपल्या नावासाठी दिलेली हमी समजावी. ती संपली म्हणजे हमी संपली, वस्तू नव्हे. तेथे डोळे, नाक आणि मराठीतील ती जुनी क्रियापदे यांस काम करू द्यावे. आणि तारीख पाहण्यापूर्वी दुकान पाहावे: खोकी उन्हात आहेत काय, दुधाच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत आहेत की फळीवर, भिंतीस ओल आहे काय. स्वस्तात मिळणारा मुदतीच्या काठावरचा माल गरीब वस्तीतच का जातो, हाही प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कारखानदारांस असा हुकूम केला की, मुदत संपलेल्या व नाकारलेल्या मालाचे पुढे काय झाले, तो नष्ट केला की विकला आणि कोणास, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी द्यावा. हा हुकूम नीट अंमलात आला तर प्रथमच गोदामाच्या मागच्या दाराकडे कायद्याचे लक्ष जाईल.

तारखेच्या मायदेशी वारे उलटे वाहू लागले आहे. ज्या मार्क्स अँड स्पेन्सरने कोठीतली खूण गिऱ्हाइकासमोर आणली, त्याच दुकानाने २०२२ साली शेकडो प्रकारच्या फळे-भाज्यांवरून बेस्ट बिफोरची तारीख काढून टाकली आणि कोठीतील नोकरांसाठी पुन्हा सांकेतिक खूण ठेवली. आपल्याकडे त्याच्या थोडे आधी उलट दिशेने पाऊल पडले. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढेही बेस्ट बिफोरची चिठ्ठी लावणे हलवायांस सक्तीचे झाले. लालबाग-परळच्या दुकानांत पेढ्यांच्या ताटापुढे ही चिठ्ठी लावलेली दिसते. पेढे कधी वळले ते सांगणे मात्र त्याच हुकुमाने हलवायाच्या मर्जीवर सोडले आहे.